समुद्राकडची काचेची भिंत: स्मार्ट ग्लास, टिंट की आपली पडवीच बरी?

सुरूबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जागा आहे. सुरूच्या बनाच्या आत, किनाऱ्यापासून नियमात बसेल एवढ्या अंतरावर. खाली आईबाबांसाठी घर आणि माडीवर पाहुण्यांसाठी खोल्या, असं बांधकाम दिवाळीनंतर काढायचं आहे. आराखडा एका तरुण आर्किटेक्टने केलाय आणि घरात सगळ्यांना आवडलाय. वाद आहे तो फक्त माडीच्या पश्चिमेच्या भिंतीवरून. ती अख्खी काचेची दाखवली आहे, १८ फूट रुंद आणि ९ फूट उंच. पलंगावर पडून समुद्र दिसला पाहिजे, पाहुणे त्याचेच पैसे देतात, असं त्याचं म्हणणं.

ऊन कसं सोसायचं विचारलं तर म्हणाला, स्मार्ट ग्लास लावू, बटण दाबलं की काच गडद होते. मी दोन ठिकाणांहून दर मागवले. दोघांनीही कोटेशनवर 'स्मार्ट ग्लास' असंच लिहिलंय, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट आहे. तिसरा म्हणतो रिफ्लेक्टिव्ह डीजीयू (मधे बंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा) घ्या, स्मार्टबिर्ट काही नको. बाबा म्हणतात पश्चिमेला भिंत घाला आणि भिंतीपुढे पडवी काढा.

कोटेशनमध्ये यू-व्हॅल्यू, लो-ई असे शब्द आहेत, ते कोणीतरी मराठीत समजावून सांगा. एप्रिल-मे मध्ये खोलीत बसवेल का, खाऱ्या हवेत हे टिकतं का, आणि लाईट गेली की त्या काचेचं काय होतं? आमच्याकडे वळवाच्या पावसात लाईट किती वेळा जाते ते कोकणातल्यांना सांगायला नको.

दर्शनी

सुरूबन, इमारतींच्या दर्शनी भागाच्या काचा हेच माझं काम आहे, बरीच वर्षं आखातात आणि आता मुंबईत. तुमच्या दोन कोटेशनमध्ये दोन वेगळ्या वस्तू असणार. स्वस्त आहे ती बहुतेक पीडीएलसी, महाग ती इलेक्ट्रोक्रोमिक. बाजारात दोघींना एकच नाव चिकटलंय आणि विकणाऱ्याला ते सोयीचंच आहे.

पीडीएलसीमध्ये दोन पारदर्शक थरांमध्ये पॉलिमर असतं आणि त्यात द्रवस्फटिकांचे अतिसूक्ष्म थेंब. वीज सोडली की स्फटिक एका दिशेला वळतात आणि आरपार दिसतं. वीज बंद केली की ते विस्कटतात आणि काच दुधासारखी पांढरी होते. पांढरी होते, गडद नाही. प्रकाश विखुरतो खरा, पण बहुतेक सगळा पुढे, म्हणजे खोलीतच येतो. उन्हाची उष्णता जवळजवळ तेवढीच आत. कॉन्फरन्स रूम, दवाखाना, न्हाणीघर अशा ठिकाणी आडोशासाठी ती उत्तम. तुमच्या पश्चिमेच्या उन्हाला तिचा काडीचा उपयोग नाही. शिवाय लाईट गेली की ती पांढरी होणार, म्हणजे समुद्रही गेला.

इलेक्ट्रोक्रोमिक ही खरी गडद होणारी. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर असतो. ५ व्होल्टपेक्षा कमी दाबावर लिथियमचे आयन त्या थरात शिरतात आणि थर निळा पडतो. दाब उलटा केला की आयन परत जातात आणि काच स्वच्छ. वीज लागते ती मुख्यतः बदल घडवताना आणि तीही नगण्य, इन्व्हर्टरवर आरामात चालते. लाईट गेली तरी आहे त्या छटेत काही काळ राहते. बोईंग ७८७ मध्ये खिडकीला झडप नसते, खाली बटण असतं, ते याच कुळातलं. पण मोठी काच पूर्ण गडद व्हायला १०-२० मिनिटं लागू शकतात. दिवा मालवल्यासारखं होईल ही अपेक्षा ठेवू नका.

एसपीडी म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात सूक्ष्म कण तरंगत असतात, ते वीज दिल्यावर ओळीत लागतात. काही क्षणांत बदलते, पण वीज नसताना काळी. तुमच्या गावासाठी नकोच.

अणुरेणू

दर्शनी यांनी छान सांगितलंय. माझी भर आकड्यांची.

काचेच्या बाबतीत दोन आकडे बघायचे. यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता झिरपते. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा शेवटी आत येतो. ६ मिमी साध्या काचेचा यू साधारण ५.७ आणि एसएचजीसी ०.८२ च्या आसपास.

आता तुमची भिंत घ्या. १८ गुणिले ९ म्हणजे १६२ चौरस फूट, १५ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला ढोबळ ६०० वॅट ऊन धरा. म्हणजे ९ किलोवॅट काचेवर. साध्या काचेतून त्यातले ७.४ किलोवॅट आत. एसीचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा नुसतं या काचेतलं ऊन उपसायला दोन टनांहून जास्त. हीच काच ०.२७ एसएचजीसीची घेतली तर २.४ किलोवॅट, म्हणजे पाऊण टनाच्या आत.

आणि यू-व्हॅल्यूचं काय? कोकणात बाहेर ३३ आणि आत २५ धरले तर फरक ८ अंशांचा. १५ गुणिले ५.७ गुणिले ८ म्हणजे ६८४ वॅट. उन्हाच्या एक-दशांशसुद्धा नाही! युरोपात बाहेर शून्याखाली आणि आत २० अंश, तिथे यू-व्हॅल्यूवर भांडणं होतात. समुद्रकाठी आपल्याकडे तो आकडा दुय्यम आहे. कोटेशनमध्ये फक्त यू-व्हॅल्यू ठळक लिहिली असेल तर विक्रेता तुम्हाला थंड देशातला माल थंड देशातल्या कौतुकासकट विकतोय.

०.२७ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आपल्या ईसीबीसी २०१७ या ऊर्जा संहितेत उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेला हीच कमाल मर्यादा आहे. ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे, तुमच्या घराला बंधनकारक नाही, पण विक्रेत्याला विचारायला हाताशी असलेला बरा.

एक अवांतर: टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण पातळ थरात दाखवून देणारा १९६९ चा गाजलेला शोधनिबंध सत्येन देब यांचा. 'स्मार्ट विंडो' हे नाव रूढ झालं त्यानंतर, ऐंशीच्या दशकात.

आबा_मालवण

बाये, तुझ्या बापाशीचा ऐक. आमच्या जुन्या घराक पश्चिमेक एकच खिडकी होती, ती पण हातभर. समुद्र बघूचो आसलो तर मान्सा उठान पुळणीवर जायत. पावसात त्या खिडकेक पण झापां बांधीत. घरात निजान समुद्र बघूचो ह्यो नाद आताचो.

पाखाडी

आबा, पाहुणे पुळणीवर जातात हो, पण बुकिंग करतात ते फोटोतली काच बघून! 😄

माझा दापोली तालुक्यात होमस्टे आहे, बारा महिने चालतो. पश्चिमेला काच लावू नका असं मी म्हणणार नाही, माझीच आहे. पण निसर्ग चक्रीवादळ (३ जून २०२०) मी तिथे बसून काढलंय. पत्रे उडत होते, माड आणि पोफळी कोसळत होत्या. काच वाऱ्याने फुटते त्यापेक्षा वाऱ्याबरोबर आलेल्या कौलाने, फांदीने, नारळाने फुटते. आणि एकदा पश्चिमेची काच गेली की वारा आत शिरून छप्पर उचलतो. शेजारच्या एका बंगल्याचं नेमकं हेच झालं. लॅमिनेटेडशिवाय (मधे प्लॅस्टिकचा थर असलेली, फुटली तरी तुकडे धरून ठेवणारी) दुसरी काच घेऊ नका एवढंच सांगेन.

दुसरं, रोजच्या कटकटीचं. समुद्राच्या बाजूची काच दोन दिवसांत मिठाने धूसर होते. ती कोरड्या फडक्याने पुसायची नाही, मिठाचे आणि वाळूचे कण घासून ओरखडे उठतात. आधी विहिरीच्या पाण्याचा फवारा, मग रबरी पट्टी. माडीवरच्या १८ फूट काचेला बाहेरून हे कोण आणि कुठे उभं राहून करणार, ते आर्किटेक्टला आत्ताच विचारा.

अणुरेणू

@पाखाडी, वाऱ्याचं गणित. आयएस ८७५ या आपल्या भारतीय मानकात वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर, दाब साधारण ६६७ न्यूटन चौरस मीटरला. १५ चौरस मीटरवर एकूण जवळजवळ एक टन वजनाचा रेटा. हे फक्त ढोबळ, झोताचे आणि कोपऱ्यांचे गुणांक वेगळे लागतात.

मीनाक्षी_डोंबिवली

वाचतेय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: साध्या काचेला नंतर गाडीला लावतात तशी फिल्म लावली तर? आणि काळी फिल्म तर बंद आहे ना?

काचवाला_रत्नागिरी

ताई, बंद आहे ती गाड्यांना. सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल गाड्यांच्या काचांबद्दल आहे, घराला तो लागत नाही. माझा ॲल्युमिनियम आणि काचेच्या कामाचा धंदा आहे, वडिलांपासून.

फिल्मवर जरा सविस्तर सांगतो, कारण दर मे महिन्यात दोन-तीन गिऱ्हाइकं तडकलेली काच दाखवायला येतात. गडद फिल्म ऊन शोषते. काचेचा मधला भाग तापतो, कडा चौकटीच्या सावलीत गार राहते, वर निम्म्या काचेवर छज्ज्याची सावली. साधी, टफन न केलेली (भट्टीत तापवून मजबूत न केलेली) काच असेल तर कडेपासून वेडीवाकडी तडा जाते. दगड लागलेला नसतो, कोणी आपटलेलं नसतं, मग सगळे माझ्याकडे बघतात. फिल्म लावायचीच तर परावर्तन करणारी किंवा चांगली सिरॅमिक घ्या, आणि खाली टफन किंवा हीट-स्ट्रेंदन्ड काच पाहिजे. काळपट टिंटेड काचेचंही तसंच. डोळ्याला थंड वाटते पण काच स्वतः तव्यासारखी तापते आणि ती धग आत सोडते.

आता सुरूबन ताई, तुमच्या कामाबद्दल. काचेवर तुम्ही खूप चर्चा करताय. आपल्याकडे काम बिघडतं ते काचेच्या कडेला. क्रमाने नाही सांगत, आठवेल तसं लिहितो.

चौकटीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचं पाऊडर कोटिंग कुठलं ते लेखी घ्या. समुद्रकाठी साध्या कोटिंगला स्क्रूच्या भोकाशी फुगवटा येतो आणि मग पापुद्रे. बिजागऱ्या, रोलर, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ वर एका पावसाळ्यात चहाच्या डागासारखे तांबूस डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. लोक लाखांची काच घेतात आणि रोलरला पैसे वाचवतात, मग दोन वर्षांनी दार ढकलायला दोन माणसं.

चिऱ्याचं बांधकाम असेल तर चौकट थेट चिऱ्यात बसवू देऊ नका. जांभा सच्छिद्र, त्यावर सिलिकॉन धरत नाही आणि पाणी चिऱ्यातूनच मागच्या बाजूला पाझरतं. भोवती काँक्रीटची पट्टी आणि खाली कडाप्पा किंवा ग्रॅनाईटचा उंबरा, बाहेर उतार देऊन. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्तातलं ॲसिडवालं धातूला आणि सिमेंटला चालत नाही, लॅमिनेटच्या कडाही खराब करतं.

खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर पडायची भोकं हवीत आणि ती मोठी हवीत. कोकणात पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. मुंबईच्या साईटवर चालणारा ट्रॅक आमच्याकडे आषाढात तुंबून आत सांडतो.

दर्शनी

काचवाला यांच्या पोस्टला +१०१. हे ड्रॉइंगमध्ये कधी येत नाही.

डीजीयूबद्दल मात्र थोडी वेगळी बाजू. अणुरेणू म्हणतात तसं यू-व्हॅल्यूसाठी कोकणात डीजीयू घ्यायची गरज नाही. पण चांगल्या लो-ईमध्ये, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या कोटिंगमध्ये, चांदीचे काही नॅनोमीटर जाडीचे थर असतात आणि चांदी खाऱ्या दमट हवेत उघडी राहूच शकत नाही, खराब होते. म्हणून ती बाजू दोन काचांच्या मधल्या बंद पोकळीत ठेवावी लागते. म्हणजे डीजीयू येते ती कोटिंगच्या रक्षणासाठी. काचेच्या भट्टीतच भाजून पक्कं केलेलं कोटिंग असतं, त्याला हार्ड कोट म्हणतात, ते एकेरी काचेवर चालतं, पण ऊन अडवण्यात ते सहसा मागे पडतं.

दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. श्रावणात बाहेर २८ अंश आणि हवा पाण्याने भरलेली. तेव्हा दवबिंदू २६ च्या आसपास असतो. तुमचा पाहुणा एसी २० वर ठेवून झोपला की एकेरी काच बाहेरून इतकी गार पडते की सकाळी बाहेरच्या अंगाला पाणी जमून समुद्रच दिसत नाही. डीजीयूची बाहेरची काच गार होत नाही, म्हणून हे टळतं.

तोटा असा, की डीजीयूच्या कडेचं सील गेलं की आत धुकं आणि ते पुसता येत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागतं. सील दोन असतात, आतलं ब्युटिलचं आणि बाहेरचं सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचं. कड जर ट्रॅकच्या तुंबलेल्या पाण्यात उभी राहिली तर कुठलंही सील जातं. फिरून परत काचवाल्यांच्या भोकांशी आलो.

हिशेबनीस

स्मार्ट ग्लासच्या किमतीवर कोणी बोलत नाहीये. इलेक्ट्रोक्रोमिक घेतली तर काचेबरोबर कंट्रोलर, वायरिंग, सेन्सर, आणि ते जोडणारा माणूस मुंबईहून. उद्या एक काच फुटली तर तशीच काच परत मिळेल का आणि किती महिन्यांनी? कंपनी राहील का हाही प्रश्नच. अमेरिकेतली व्ह्यू ही या क्षेत्रातली मोठी कंपनी, तिनेच २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मोठ्या कॉर्पोरेट इमारतीत देखभाल करार असतो, इंजिनियर असतो. गुहागरात तुमचे बाबा असणार.

सुरूबन

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही विक्रेत्यांना फोन केला. स्वस्तातली खरंच पीडीएलसी निघाली. "ऊन किती अडवते" विचारल्यावर त्यांनी "नव्व्याण्णव टक्के" सांगितलं, मग कागद मागितला तर यूव्हीचा (अतिनील किरणांचा) आकडा पाठवला.

महागवाल्यांनी मात्र नीट तांत्रिक पत्रक दिलं. स्वच्छ असताना दृश्य प्रकाश ६० टक्के आणि एसएचजीसी ०.४१, पूर्ण गडद केल्यावर १ टक्का आणि ०.०९. वाचून मी परत मोहात पडलेय. ०.०९ म्हणजे जवळजवळ भिंतच की! भिंतही आणि समुद्रही. मग हरकत काय?

अणुरेणू

यूव्हीचा कागद ही जुनी युक्ती. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातल्या ऊर्जेत यूव्हीचा वाटा जेमतेम ५ टक्के. निम्मी ऊर्जा अवरक्त आणि बाकीची दिसणाऱ्या प्रकाशात. सगळं यूव्ही अडवलं तरी खोली तेवढीच तापणार. पडदे विटणार नाहीत, एवढंच.

दर्शनी

आकडे बरोबर आहेत, तशीच असते ती. हरकत वेळेची आहे. पश्चिमेच्या खोलीत काच गडद लागते दुपारी तीन ते सूर्यास्त. पाहुण्यांना समुद्र बघायचा असतो कधी? चार ते सूर्यास्त. म्हणजे ज्या वेळेसाठी तुम्ही भिंत फोडताय त्याच वेळी ती काच १ टक्क्यावर. आणि टंगस्टन ऑक्साइड गडद होतं तेव्हा निळं होतं. भगवा सूर्यास्त निळ्या काचेतून बघितलाय का कधी? ऑफिसात पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या काचेला, कॉम्प्युटरवर चमक येऊ नये म्हणून, मी स्वतः ती सुचवलीये आणि लोक खूश आहेत. विमानतळ, रुग्णालयं, जिथे पडदा धूळ धरतो आणि बाहेरून छाया करता येत नाही, तिथे तिला तोड नाही. तुम्हाला बाहेरून छाया करता येतेय, फुकटात.

आबा_मालवण

म्हंजे पडवी. 😀

दर्शनी

हो आबा, पडवीच.

उन्हाला काचेच्या बाहेर अडवलं तर ते आत येतच नाही. काचेने अडवायचं म्हणजे आधी काच तापणार, मग तिने त्यातलं थोडं बाहेर फेकायचं. सुरूबन, माडीचं छप्पर पुढे ८ फूट ओढून गॅलरी काढली, आणि छप्पर उतरतं असल्यामुळे पागोळीची कड ७ फुटांवर आली, असं समजा. एप्रिलमध्ये चार वाजता तुमच्याकडे सूर्य साधारण ४० अंशांवर असतो. तेव्हा ९ फूट काचेतली वरची साडेआठ फूट सावलीत. पाच वाजता सूर्य २५ अंशांवर, तरी साडेपाच फूट सावली. उरतो शेवटचा दीड तास, त्याला गॅलरीच्या कडेला बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा. आणि तो दीड तास पाहुणा आत बसेल कशाला, गॅलरीत खुर्ची टाकून बसेल. पाखाडी यांचा प्रश्नही सुटला, पुसणाऱ्याला उभं राहायला जागा झाली. पावसाची झड थेट ट्रॅकवर येणार नाही, ती गॅलरीच खाईल.

उनाडपाखरू

विषयांतराची माफी, पण कोणीतरी बोलायला हवं. सुरूच्या बनाजवळ मोठी आरशासारखी काच लावली तर पक्ष्यांना तिच्यात झाडं आणि आकाश दिसतं. पाचू कवडे आणि खंड्या तर सरळ रेषेत वेगाने येतात आणि मान मोडून पडतात. रिफ्लेक्टिव्ह काच यात सगळ्यांत वाईट. काचेवर बाहेरच्या बाजूला ५ सेंमी अंतराने ठिपके असले तर ते टाळतात. माणसाला त्या ठिपक्यांची चार दिवसांत सवय होते. पडवीच्या सावलीतल्या काचेत प्रतिबिंब कमी पडतं, म्हणून माझंही मत पडवीला.

हिशेबनीस

रिफ्लेक्टिव्हवरून आठवलं, लंडनमध्ये २०१३ साली एका आत वळलेल्या काचेच्या टॉवरने खाली रस्त्यावर उभ्या गाडीचं प्लॅस्टिक वितळवलं होतं. तुमची भिंत सपाट आहे, तुमच्यामुळे कोणाचं गलबत पेटणार नाही.

चाकरमानी_७८

काचेच्या निमित्ताने एक माहिती, कामाची नाही पण कोकणाची आहे. काचेत सत्तर टक्क्यांहून जास्त सिलिका असते, आणि सिलिका वाळूच्या खाणी आमच्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याला आहेत. फ्लोट काचेचा कारखाना रायगडात तळोज्याला. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगवून सपाट करायची ही रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टनांनी १९५९ मध्ये जाहीर केली, त्याआधी मोठी काच दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत करावी लागे. आणि त्याच्याही कितीतरी आधी गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लावायचे. उजेड आत, डोळ्यांवर चमक नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. दर्शनी यांनी वर पीडीएलसीचे जे गुण सांगितले तेच, बिनविजेचे. तो शिंपला आता संरक्षित आहे, तेव्हा कोणी शोधायला जाऊ नका.

आबा_मालवण

शिंपल्याची एक खिडकी आजोळाक होती. दुपारचो उजेड कसो ताकासारखो पडा.

सुरूबन

आर्किटेक्टशी परवा बोलणं झालं. हा धागाच पाठवला त्याला. आधी जरा फुरंगटला, मग ८ फूट गॅलरीचं रेखाटन स्वतःच करून पाठवलं. आता काच १८ ऐवजी १२ फूट, सरकणारी, तीन पाल्यांची. दोन्ही बाजूंना ३-३ फूट चिऱ्याची भिंत आणि त्यात उघडणाऱ्या लाकडी झडपा, म्हणजे एसी नसताना वारा आत येईल. काच: बाहेरची लॅमिनेटेड, मधे पोकळी, सोलर कंट्रोल लो-ई, एसएचजीसी ०.२८. बाबांना गॅलरी मिळाली, तरी त्यांची कुरकूर आहेच, की पावसाळ्यात माडाची झापं कुठे बांधायची त्याच्या खुंट्या ड्रॉइंगमध्ये नाहीत.

एवढं करून मी न्हाणीघराच्या खिडकीला पीडीएलसी लावू का? तेवढी हौस.

काचवाला_रत्नागिरी

न्हाणीघराला साधी फ्रॉस्टेड लावा ना ताई. पीडीएलसीची चिकटवायची फिल्म दमट हवेत कडेने पाणी धरते आणि कडा कायमच्या पांढऱ्या पडतात. हौसच असेल तर दोन काचांमध्ये लॅमिनेट केलेली घ्या, आणि ट्रान्सफॉर्मर न्हाणीच्या बाहेर. तिला ५०-६० व्होल्ट एसी लागतो, ओल्या हाताचं काम नाही.

आणि तीन गोष्टी. माप गिलावा आणि उंबरा झाल्यावरच द्या. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की अर्धा सूतही कापता येत नाही. पाल्याची काच किती जड होते बघा, ४ गुणिले ९ फुटांची डीजीयू चार माणसांना जड जाते, आणि तुमच्या घरापर्यंत गाडी येते की पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते? लॅमिनेट करताना आतल्या थरात पीव्हीबी (नेहमीचं प्लॅस्टिक) चालेल, फक्त कडा पाण्यात राहू देऊ नका. खुंट्यांचं बाबांचं बरोबर आहे. गॅलरीच्या खांबांना ३१६ च्या कड्या आत्ताच बसवून घ्या, नंतर भोकं पाडली की तिथून गंज चढतो.

सुरूबन

शेवटची पंचवीस पावलं पाखाडी आहे. 🙈 कड्यांचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हा माणूस कुठला, त्यालाच काम द्या. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते.

पाखाडी

गटग (सगळ्यांची भेट) सुरूबनकडे, पुढच्या पावसाळ्यात. ट्रॅक तुंबतो का ते बघायला.

मीनाक्षी_डोंबिवली

माझा आणखी एक प्रश्न राहिला बरं का. अलिबागला फ्लॅट घेतोय, हॉलची मोठी काच उत्तरेला आहे. मलाही ०.२७ वाली लागेल?

अणुरेणू

नाही. उत्तरेच्या काचेवर आपल्याकडे ऊन येतं ते मुख्यतः उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीही थोडा उत्तरेकडे असतो. पण तेव्हा तो इतका डोक्यावर असतो की दीड फुटाचा छज्जाही पुरतो, आणि जूननंतर ढगच. साधी, लॅमिनेटेड, स्वच्छ काच घ्या. वाचलेले पैसे रोलरला घाला.